मांडवाखालचा ट्रॅक्टर

द्राक्षबागेत मोठा ट्रॅक्टर घालणारा माणूस तो एकदाच घालतो. दोन ओळींमध्ये नऊ-दहा फुटांची जागा, तीही कागदावर. प्रत्यक्षात दोन्हीकडून काड्या आत आलेल्या, डोक्यावर तारा, तारांखाली घड, पायाशी ठिबकच्या नळ्या. चाळीस हॉर्सपॉवरचं धूड त्यात शिरलं की बाहेर येताना मांडवाचे चार लोखंडी अँगल आणि निम्मी ओळ अंगावर घेऊन येतं. म्हणून जमेल तो बागाईतदार दोन ट्रॅक्टर ठेवतो. एक मोठा, नांगरटीचा. दसऱ्याला हार त्याला, उसाची ट्रॉली ओढून गावभर मिरवायचा मानही त्याचा. दुसरा बागेतला. तो पहाटे अंधारात मांडवाखाली शिरतो, औषधाचं टाकं ओढत ओळीमागून ओळ फिरतो आणि उन्हं वर यायच्या आत परत शेडमध्ये उभा. त्याचा फोटो कुणी काढत नाही.

माझ्या मामाकडं असा एक होता. व्हीएसटी या बेंगळुरूच्या कंपनीनं जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्यानं काढलेला, साडेअठरा हॉर्सपॉवरचा, तीन सिलेंडर, 900 सीसी. मामानं तो 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला घेतला, तेव्हा गावात बागेसाठी वेगळा ट्रॅक्टर घेणं म्हणजे उधळपट्टी समजली जायची. मामाचं गाव सोलापूरजवळच्या नान्नजच्या पट्ट्यातलं. बाहेरच्या लोकांना नान्नज माळढोक अभयारण्यामुळं माहीत. द्राक्षवाल्यांना ते बागाईतदार नानासाहेब काळ्यांमुळं. सोनाका आणि शरद सीडलेस या द्राक्षाच्या दोन्ही जाती त्यांच्या तिथल्या बागेतून निघाल्या. हजारो काड्यांत एखादी काडी वेगळं फळतेय हे दिसायला नजर लागते, आणि त्या पट्ट्यातल्या लोकांना ती थोडीफार सवयीनंच येते. मामालाही होती. ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र तो पक्का कामापुरता माणूस. चालतोय ना, मग चालवा.

पुढं औषधांचा खर्च, अवकाळी, मजुरांची टंचाई हे सगळं नेहमीचं झालं आणि मामानं बाग काढली. अँगल विकले, तारा विकल्या. ट्रॅक्टर शेडच्या मागं लिंबाखाली उभा राहिला तो राहिलाच. कित्येक पावसाळे त्याच्यावरून गेले. गेल्या वर्षी मी गेलो तेव्हा भंगारवाल्याशी किलोच्या भावानं बोलणं चाललं होतं. मी म्हटलं, मामा, मी नेतो.

‘काय करणार नेऊन?’

‘खोलणार.’

‘आन् परत जोडणार, का नुसताच खोलणार?’

प्रश्न रास्त होता. मी दिवसभर दुसऱ्यांचे ताळेबंद जुळवणारा माणूस. हातात पाना धरला तो मोटारसायकलपुरता. पण गेली काही वर्षं रात्री झोप लागेपर्यंत मी परदेशातल्या लोकांचे व्हिडिओ बघत आलोय. अमेरिकेत घरामागच्या हिरवळीसाठी, भाजीच्या वाफ्यांसाठी छोटे ट्रॅक्टर असतात. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा कब कॅडेट 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला आला, सात हॉर्सपॉवरचं कोहलर इंजिन घेऊन. 1963 मध्ये जॉन डिअरनं 110 काढला. आता साठीतली माणसं आपल्या गॅरेजमध्ये हे ट्रॅक्टर सुटे सुटे करून पुन्हा शोरूममधल्यासारखे करतात. मूळ रंगाचा नंबर शोधतात, मूळ स्टिकर छापून घेतात, बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा त्या काळातली हवी म्हणतात. बघायला फार छान वाटतं. पण तो ट्रॅक्टर जन्मभर गवत कापत आलेला, रविवारी चालणारा. आमचा पोटापाण्याचा. त्याला शोरूममध्ये परत न्यायचं म्हणजे मधली तीस वर्षं झालीच नाहीत असं म्हणायचं. हे मला सुरुवातीपासून जरा खटकत होतं. का, ते खोलताना कळत गेलं.

पाऊण टनाच्या आतलं वजन, त्यामुळं तो छोट्या हत्तीत बसून आला. जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापुढं पत्र्याची शेड आहे, तिथली मोटार रस्त्यावर गेली आणि ट्रॅक्टर आत. समोरचा मित्र संध्याकाळी गेटला टेकून विचारता झाला, ‘का बे, शेती घेतलास का?’ नाही म्हटलं तर त्याला ते जास्तच संशयास्पद वाटलं. बायको एवढंच म्हणाली, की धुवायला नळाचं पाणी मिळणार नाही. सोलापुरात राहणाऱ्याला या वाक्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पाणी चार-चार दिवसांनी येणार आणि त्यात ट्रॅक्टरला आंघोळ घालायची, हे कुठल्याच घरात चाललं नसतं. म्हणून सगळी धुलाई डिझेलनं, ब्रशनं आणि खरवडणीनं झाली. आता वाटतं, बरंच झालं. प्रेशरच्या पाण्यानं धुतला असता तर जे दिसलं ते दिसलं नसतं.

मागच्या धुऱ्यावर, अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या खाली, दोन्ही मडगार्डच्या आतल्या बाजूला निळसर पांढरा थर होता. बोटाच्या पेराएवढा जाड, ठिसूळ, जागोजाग पापुद्रे सुटलेला. बोर्डो. द्राक्षाच्या गावात वाढलेल्याला तो रंग अंधारातसुद्धा ओळखू येईल. एक किलो मोरचूद (म्हणजे कॉपर सल्फेट), एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. झालं एक टक्क्याचं बोर्डो मिश्रण. फ्रान्समधल्या बोर्दोच्या बागांत केवडा रोगानं धुमाकूळ घातला होता तेव्हा मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानं 1885 मध्ये हे मिश्रण जगापुढं आणलं. ते अजून नान्नजच्या शिवारात फवारलं जातं. आमचे लोक त्या रोगाला सरळ डाऊनी म्हणतात, आणि डाऊनी आली म्हटलं की अख्खं घर उठून बसतं.

मी पातळ पत्र्याची पट्टी घेऊन तो थर खरवडत होतो. एके ठिकाणी, जिथं मूळचा रंग आधीच गेलेला असावा, पापुद्रा निघाला आणि खाली लोखंड तांबूस दिसलं. गंज म्हणून मी पॉलिश पेपर मारला. गंज भुकटी होऊन येतो. हे आलं नाही, उलट चमकलं. हाताच्या तळव्याएवढा भाग, कडा वेड्यावाकड्या, मध्ये चक्क तांबं.

याचं कारण मामाच्या शेडमध्ये मी लहानपणी रोज बघितलेलं आहे. बोर्डो कालवून झालं की त्यात विळा बुडवायचा. मिनिटभरानं काढून बघायचा. पात्यावर तांबूस छटा आली तर चुना कमी पडलाय, अजून घाल. विळा स्वच्छ निघाला तर टाकी भर. चुना पुरेसा नसला की मोरचूद पाण्यात मोकळं राहतं. मोकळं मोरचूद लोखंडाला भेटलं की लोखंड विरघळून पाण्यात उतरतं आणि त्याच्या जागेवर तांबं बसतं. पानांवर तेच मिश्रण गेलं तर पानं करपतात. म्हणजे ट्रॅक्टरच्या धुऱ्यावर जे तांबं होतं, ते केव्हातरी विळा न बुडवता भरलेल्या टाकीचं होतं. मामाला फोन केला. तो क्षणभर गप्प, मग म्हणाला, ‘आसंल. एका साली नवा गडी होता.’ एवढी वर्षं झाली तरी साल त्याला आठवत होतं. गड्याचं नाव त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

यंत्र खोलण्यात ही एक गंमत आहे जी नवीन यंत्रात नाही. माणूस सांगत नाही ते लोखंडावर राहतं. स्टिअरिंगच्या डाव्या हाताचं रबर गुळगुळीत झालेलं, उजवीकडचं ठीक; कारण उजवा हात सारखा मागं, फवारणीच्या ब्लोअरच्या व्हॉल्व्हवर. बॉनेटच्या टोकाला एकाच उंचीवर चरे, तारेनं पाडलेले. क्लचच्या पायट्यावर टाचेची खोबण, कारण मामा बागेत चप्पल घालत नाही. बसायच्या जागेचा फोम केव्हाच गेलेला, त्याच्या जागी खताच्या पोत्यांची सात-आठ पदरी घडी, वर सुतळीचे टाके. टाके मामीचे. गोधडीला घालतात तसेच सरळ रांगेत.

एकट्यानं हे काम होणार नव्हतं. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागांचे सुटे भाग करणारे लेथवाले अजून आहेत. चादरी आणि टॉवेलांचे कारखाने कमी झाले, पण माग चालू ठेवायला ज्या हातांची गरज होती ते हात शहरात शिल्लक आहेत. त्यांतलेच एक मिस्त्री मला मिळाले. सत्तरीला टेकलेले, घरी तेलुगू, बाहेर मराठी, गिऱ्हाईक कर्नाटकातलं असेल तर कन्नड. आयुष्यभर मागांवर काम केलेलं, ट्रॅक्टर क्वचितच. मी तसं म्हटल्यावर म्हणाले, ‘ओ सर, लोखंडाला काय माहीत ते कुठं लागलंय.’ रविवारी सकाळी सहाला यायचे, कारण एप्रिलात दहानंतर त्या पत्र्याखाली उभं राहणं शक्य नसतं. पारा बेचाळीसच्या पुढं आणि पाना हातात धरवत नाही. नऊला भाकरी, शेंगाचटणी, वरून दही. मग अर्धा तास आणि मग बंद.

मिस्त्रींची खोलायची पद्धत व्हिडिओतल्या लोकांसारखी नव्हती. ते लोक प्रत्येक बोल्ट पिशवीत घालून चिठ्ठी लावतात. मिस्त्री बोल्ट काढला की ज्या भोकातून काढला त्यातच दोन आटे परत लावून ठेवायचे. घर ज्याचं त्याला, म्हणजे हरवत नाही. जिथं भागच निघून जाणार तिथं पुठ्ठ्यावर खडूनं त्या भागाचा आकार काढायचा आणि त्या त्या जागी बोल्ट खुपसायचा. मी फोटोही काढत होतो, तो माझा स्वभाव. फोटो फारसे लागले नाहीत. पुठ्ठे रोज लागले.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा एक स्टड मात्र तुटला. इतकी वर्षं तापून निवून तो हेडमध्ये सांधल्यासारखा झाला होता. मला वाटलं आता ड्रिल करावं लागणार, आटे जाणार. मिस्त्रींनी उरलेल्या थोटकावर एक नट ठेवला, नटाच्या पोटातून वेल्डिंग भरलं आणि लाल असतानाच पान्यानं अगदी थोडं पुढं, थोडं मागं करत राहिले. तापला की स्टड फुगतो, निवताना आक्रसतो, आणि गंजाची पकड सुटते. तिसऱ्या-चौथ्या झटक्यात तो ‘कुर्र’ आवाज करून फिरला. त्यांनी तो काढून माझ्या हातावर ठेवायला पुढं केला आणि मग आठवून मागं घेतला. अजून लालसर होता.

इंजिनाचं दुखणं हेड काढल्यावर दिसलं. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून दाबून इतकी तापवायची की आत पडलेलं डिझेल आपोआप पेटलं पाहिजे. दाब गेला की सगळं गेलं. या इंजिनात डिझेल सरळ पिस्टनच्या डोक्यावर पडत नाही; हेडमध्ये छोटी कोठी आहे, दाबलेली हवा तिथं गरगर फिरते आणि नोझल त्या फिरत्या हवेत डिझेल सोडतं. आवाज त्यामुळं जरा मऊ येतो, पण कोठीच्या भिंती गार असल्या की हवेची गर्मी त्या पिऊन टाकतात. म्हणून सकाळी चालू करण्याआधी चावी धरून हीटर मारावा लागतो. मामा शेवटच्या काळात हीटर मारून मारून बॅटरी उतरवायचा आणि मग चार माणसं ढकलायला लागायची. त्याला वाटायचं हीटर गेलेत. हीटर धडधाकट होते.

सिलेंडरच्या तोंडाशी, पिस्टनची वरची रिंग जिथं वळते त्याच्या अगदी वर, एक कंगोरा तयार झाला होता. मिस्त्रींनी माझं बोट धरलं आणि नख खालून वर फिरवायला लावलं. नख अडलं. म्हणजे खाली सिलेंडर झिजलाय आणि वर, जिथं रिंग पोचत नाही तिथं, मूळचा राहिलाय. मूळ बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, 70 मिलिमीटर. मधल्या सिलेंडरमध्ये नख सगळ्यात जास्त अडलं. नवी रिंग त्यात सरळ ठेवून तोंडाची फट मोजली तर फीलर गेजची पानं एकावर एक घालावी लागली. एवढ्या फटीतून दाब राहणार कसा?

इतकी झीज वयानं होत नाही. वयानं झाली असती तर बेअरिंगं पण गेली असती, आणि क्रँकची बेअरिंगं बघण्यासारखी चांगली होती. ही झीज धुळीची. हिशेब केला. 900 सीसीचं चार-स्ट्रोक इंजिन 2700 फेऱ्यांवर चाललं तर दर दोन फेऱ्यांना एकदा पोटभर हवा घेतं. म्हणजे मिनिटाला बाराशे लिटरपर्यंत. तासाला सत्तर हजार. ही हवा कुठली? मागं रोटाव्हेटर लावून काळी माती उडवत चाललेल्या ट्रॅक्टरच्या नाकापुढची. एअर क्लीनर नावाचा डबा नसता तर इंजिन एका हंगामात संपलं असतं.

एअर क्लीनर ठीक होता. त्याच्या आणि इंजिनाच्या मधली रबरी नळी ठीक नव्हती. तिला वळणावर भेग होती, आणि भेगेवर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळून गुंडाळलेली, वर तारेचे दोन वेढे. ट्यूब केव्हाच कडक होऊन चिरलेली. तिच्या चिरांत काळ्या मातीची मऊ भुकटी, बोटाला लागली की पावडर लावल्यासारखी. गाळलेली हवा आणि न गाळलेली हवा, दोन्ही एकाच वाटेनं आत जात होत्या. बहुधा बरीच वर्षं.

शहरातल्या माणसाला जुगाड फार आवडतो. गावाकडची अक्कल, थोडक्यात काम, वगैरे लेख आपण वाचतो आणि मान डोलावतो. मी ती ट्यूब हातात घेऊन बसलो तेव्हा मला एवढंच दिसत होतं, की नळीच्या किमतीपायी इंजिन गेलं. पोत्यांची सीट, टाक्यासाठी मागं वेल्डिंग केलेला अँगल, हे सगळं मी कौतुकानं बाजूला ठेवलं होतं. ही पट्टी मला कौतुकाची वाटेना. मामा पुढच्याच आठवड्यात कामासाठी सोलापुरात आला आणि शेडमध्ये डोकावला. खाटेवर मांडलेल्या सामानातली ती पट्टी त्यानं लगेच उचलली.

‘ही अजून हाय व्हय.’

मी नळीचं, धुळीचं, नखाचं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग सांगितलं, की नळी फाटली ती गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, महिन्याभरानं. कोंब फुटायची पोंगा अवस्था संपून पानं उघडलेली, घड बाहेर आलेले, रात्री पाऊस पडून गेलेला आणि सकाळी धुकं. डाऊनीला याच्यापेक्षा सोयीचं हवामान नाही. दुपारपर्यंत औषध पडलं नसतं तर घड तपकिरी होऊन गळणार. नळी सोलापुरातसुद्धा नव्हती, पुण्याहून मागवावी लागणार होती. त्यानं पोराच्या सायकलची ट्यूब काढली, नळी बांधली आणि फवारणी उरकली. त्या साली गावातल्या अर्ध्या बागा गेल्या, त्याची राहिली. ‘नंतर बदलायची होती,’ तो म्हणाला. ‘चालत होतं, ऱ्हायलं.’

नंतर बदलायची होती ती न बदलणं ही चूकच, आणि त्या दिवशी ती बांधणं बरोबरच. दोन्हीचा ताळा माझ्याच्यानं लागला नाही. ट्यूबची पट्टी मी टाकून दिलेली नाही, पण ती परत लावलेलीही नाही. नवी नळी बसवलीय, दोन्ही टोकांना नवीन क्लिपा. बाकीच्या बाबतीत मात्र मला त्या दिवसानंतर निवड सोपी झाली. ज्या दुरुस्तीनं यंत्राला आतून खाल्लं ती काढायची. जी नुसती वरून दिसते ती राहू द्यायची.

बोअरिंग करून अर्धा मिलिमीटर मोठे पिस्टन घातले. लेथवाल्यानं बोअर केल्यावर आतून दगड फिरवून तिरप्या बारीक रेघा पाडल्या. आरशासारखा गुळगुळीत सिलेंडर बघायला छान, पण त्यावर ऑइल थांबत नाही; रेघांत ऑइल राहतं आणि रिंगा त्यावर बसतात. व्हॉल्व्ह मी स्वतः बसवले. सीटवर पेस्ट लावायची, काठीच्या टोकाचा रबरी चोषक व्हॉल्व्हला चिकटवायचा आणि दोन तळव्यांत काठी धरून रवी घुसळल्यासारखी फिरवायची. थोडं फिरवायचं, उचलायचं, पुन्हा फिरवायचं. सगळीकडं सारखी करडी पट्टी उमटली की झालं. मग पोर्टमध्ये रॉकेल ओतायचं आणि बघत बसायचं. खालून थेंब आला की पुन्हा पेस्ट. या कामात डोकं लागत नाही, आणि दिवसभर आकड्यांत घालवलेल्या माणसाला याच्याइतकं सुख दुसरं नाही.

सुटे भाग मिळणार नाहीत ही भीती सगळे घालतात. तेवढी खरी नाही. ऑइल सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेवढे जुळले की सील ट्रॅक्टरचं का पंपाचं हे कुणी विचारत नाही. बेअरिंगचंही तसंच. एके ठिकाणी 6205 निघालं. शेवटच्या 05 ला पाचनं गुणलं की आतला व्यास 25 मिलिमीटर. बाहेरचा 52, रुंदी 15. जगात कुठंही 6205 घ्या, माप हेच. मिस्त्रींनी मोजायलासुद्धा घेतलं नाही. ‘मागाला पण हेच,’ म्हणाले, आणि स्वतःच्या डब्यातून काढून दिलं. त्रास झाला तो हेड गॅस्केटचा आणि गिअर बॉक्सच्या एका लॉकिंग प्लेटचा. गॅस्केट बाहेरून मागवावं लागलं, प्लेट पत्र्यातून कापून कानशीनं घासली. इथं एका दुकानात मला मूळ कंपनीचा म्हणून जो भाग दिला गेला तो मूळ नव्हता. खोक्यावरचं छापील अक्षर फिकट होतं. दुकानदारानं परत घेतला नाही. पैसे गेले, तो भाग आता पेपरवेट आहे.

जोडताना मिस्त्री बोलत नसत. हेडचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, एकदम न आवळता टप्प्याटप्प्यानं. रिंगांची तोंडं एकाखाली एक येऊ नयेत म्हणून फिरवून ठेवायची. टायमिंगच्या खुणा जुळवल्यावर त्यांनी क्रँक हातानं दोन फेऱ्या फिरवला आणि कुठला सिलेंडर केव्हा वर येतो ते बोट ठेवून मोजलं, तेलुगूत: ओकटी, मूडू, रेंडू. एक, तीन, दोन. या इंजिनाचा हाच क्रम. नोझल आधीच पंपवाल्याकडं दाबून बघितले होते. एकाचा फवारा धुक्यासारखा न येता पिचकारीसारखा येत होता, तो बदलला.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा मी सोडून सगळ्यांना घाई होती. मुलानं मोबाइल धरला. समोरचा मित्र गेटात. डिझेलच्या वाटेतली एअर काढायला वेळ लागला. फिल्टरचा स्क्रू ढिला करून हातपंप मारत राहायचं, फेस येतो, फेस येतो, मग एकदम गुळगुळीत डिझेल. शेवटी नोझलच्या पाइपांचे नट. हीटर मारला. सेल्फ मारला. पांढरा धूर, एक ठोका, बंद. पुन्हा. दोन ठोके. पुन्हा, आणि या वेळी तिन्ही सिलेंडर एकामागोमाग एक कामाला लागल्याचं ऐकू आलं: आधी अडखळत, मग एकसारखं. धूर पांढऱ्याचा करडा, करड्याचा जवळजवळ काहीच नाही. माझं लक्ष ऑइलच्या दिव्यावर. तो विझला तेव्हा कुठं मी आवाज ऐकायला लागलो. मिस्त्रींनी सिलेंडरवर नाही, सायलेन्सरवर हात धरला, धुराचा वास घेतला आणि ‘चालतंय की’ म्हणाले. माझ्या मते याच्यापेक्षा मोठं कौतुक त्यांच्याकडं नाही.

रंगाचा प्रश्न उरला. मुलाला सगळा ट्रॅक्टर नवा लाल करायचा होता. लांबी (पुट्टी) भरून, प्रायमर मारून, वर चकचकीत कोट, व्हिडिओतल्यासारखा. त्याचं म्हणणं पण खोटं नाही, उघडं लोखंड ठेवलं तर सोलापूरच्या चार महिन्यांत गंजणारच. शेवटी झाकायला पाहिजे ते झाकलं. खालचा सांगाडा, चाकं, मडगार्डांची आतली बाजू यांना रेड ऑक्साइड आणि लाल रंग. बॉनेटवरचे तारेचे चरे तसेच ठेवले, नुसता गंज काढून पारदर्शक कोट. धुऱ्यावरच्या त्या तांब्याच्या डागालाही तसंच. मुलगा म्हणतो, हे अर्धवट दिसतं. दिसतं. सीटला नवा फोम घातला, कारण पोत्यांवर तासभर बसणं माझ्या कंबरेला झेपेना; मामीचे टाके असलेली घडी फोमच्या खाली, जिथं पत्रा आणि फोम घासतात, तिथं पुन्हा घातली. तिथं तिचा उपयोगही आहे.

आता मामाच्या शेजाऱ्याची दोन एकर डाळिंबाची बाग आहे. ओळीत फिरायला त्याच्याकडं ट्रॅक्टर नाही, पाठीवरच्या पंपानं फवारतो. मामानं परस्पर त्याला शब्द देऊन टाकलाय आणि मला फोनवर भाडं कळवलंय. डिझेल त्याचं. ड्रायव्हर कोण, तर मामा. मी नको म्हणायच्या आत त्यानं फोन ठेवला. वर हेही बजावून ठेवलंय, की बोर्डो भरायच्या आधी विळा तो स्वतः बुडवणार.

फक्त लिफ्टचं अजून जमलेलं नाही. मागं काही जड टांगून इंजिन बंद केलं की लिफ्ट हळूहळू खाली उतरते; चहा पिऊन येईपर्यंत टेकते. मिस्त्री म्हणतात सिलेंडरमधली ओ-रिंग, दहा रुपयांचं काम. मला वाटतं कंट्रोल व्हॉल्व्हमध्येच गळती आहे, कारण इंजिन चालू असतानाही ती मधूनमधून दचकते. ओढत न्यायच्या टाक्याला लिफ्टचं काम नाही, म्हणून तेवढं ठेवून दिलंय. पावसाळा ओसरल्यावर मिस्त्री यायचं म्हणालेत. पैज पार्क चौपाटीवरच्या पावभाजीची लागलीय.